मंजुळा म्हशीचं हसणं

कोल्हापूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय जरीना,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. बादशहाभाई, साद, कशिश कसे आहेत? या थंडीत तुमच्या गादीघराला उसंत नसणार. इकडं आईचे गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत आहे.

माझं पत्र बघून दचकली असशील. फोन चार वेळा केला. तीनदा नुसता वाजला. चौथ्यांदा कशिशनं उचलला आणि "मम्मी गिऱ्हाइकात हाय" म्हणाली. तिच्या मागून तुझा आवाज आला, "सांग, न्हाय म्हनून घरात." ऐकू आला गं. कानावरच पोट भरतं माझं, मला कसा ऐकू येणार नाही?

म्हणून लिहायला बसले. बावीस वर्षांत तुला माझी हकिगत कुणाकुणाकडून तुकड्यांनी कळली असेल, आता सलग सांगते. दोन वर्षांपूर्वी मुंबईचं बिऱ्हाड मोडून मी कोल्हापुरात परत आले. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ थाटलाय. खाली नेमका लहान मुलांचा डॉक्टर. इंजेक्शनं सुरू झाली की वर आमचं रेकॉर्डिंग बंद, मग सगळ्यांनी चहा प्यायचा. एक-दोन पोरं मात्र इतकी सुरात रडली की मी ते रडणं जपून ठेवलंय. कधीतरी कामाला येईल.

मुलांच्या कार्यक्रमांना चाली लावून आणि ते कार्यक्रम उभे करून माझं अर्धं आयुष्य गेलं. दात घासायची चाल माझी, पाढ्यांची माझी, नखं कापायचीसुद्धा माझी. परवा भाजी मंडईत एक बाई मला ओळखून म्हणाली, "तुमचं गाणं लावल्याशिवाय आमचं बारकं नखं कापून देत न्हाय." एवढ्या वर्षांत मिळालेल्या शालींपेक्षा मला ते जास्त ऊबदार वाटलं. सगळंच जमलं असंही नाही. आपली मंजुळा म्हैस टीव्हीवर अकरा वर्षं चालली, पण त्यानंतर मी बोलणाऱ्या जेवणाच्या डब्यावर एक मालिका काढली, ती सातव्या आठवड्यात बंद पडली. डबा काय बोलणार? दोनच विषय, पोळी आणि भाजी.

आता खरी बातमी. चॅनेलला मंजुळा पुन्हा हवी आहे. तिथं आता निशिगंधा नावाची तिशीतली मुलगी अधिकारी आहे. लहानपणी मंजुळा बघत वाढलेली. ती म्हणते, "मॅडम, या वेळी म्हैस अस्सल कोल्हापुरी बोलली पाहिजे." म्हणजे हाय, न्हाय, व्हय, सगळं. बघ, जग कसं फिरतं!

तेव्हा जरे, मंजुळेचा आवाज तू द्यावास अशी माझी इच्छा आहे. मागच्या वेळी जे झालं ते चॅनेलच्या तेव्हाच्या साहेबांमुळं झालं, माझा इलाज चालला नाही, हे तुला माहीतच आहे. ते आता जुनं झालं. सादला, कशिशला आशीर्वाद.

उत्तराची वाट बघते.

तुझी मैत्रीण,
पूर्णिमा


गडहिंग्लज,
१५ जानेवारी

पूर्णे,

पत्र मिळालं. आम्ही सगळी बरी हाय. आईच्या गुडघ्याला एरंडेल गरम करून लाव.

कामात हाय, जमणार न्हाय.

एक इचारती. अकरा वर्षं त्या म्हशीला आवाज तुझा हुता, त्ये टीव्हीवर नावातच लिवून यायचं. हसणं कुणाचं हुतं? त्याचं नाव कुठं आलं न्हाय. तेवढं कळीव.

जरीना


कोल्हापूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय जरे,

तुझं पत्र दुपारी आलं. आईनं विचारलं, कुणाचं गं? म्हटलं, जरीनाचं. आई म्हणाली, "मग तोंड का असं केलंस?" तिला एरंडेल लावून दिलं आणि वर स्टुडिओत येऊन बसले.

हसणं तुझं होतं.

आता सगळंच लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा बातम्या सांगत बसेन.

तुला ते दिवस आठवत असतील. २००३ चा एप्रिल. तू माहेरी आली होतीस, साद दोन वर्षांचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या माजघरात दाराला गोधडी टांगून आपण नमुन्याचा भाग रेकॉर्ड केला. शब्द तुझे, चाल माझी.

पाण्यात बसलीय, उठनार न्हाय,
म्हशीला घाई कसलीच न्हाय.

तू एका दमात गायलीस. मग आपण घोंगडीच्या तुकड्याची केलेली ती म्हशीची बाहुली तुझ्या मांडीवर होती, तिचा एक कान गळून पडला. तो साद तोंडात घालायला लागला आणि तू जी हसायला लागलीस, ती थांबेचना. मी मशीन बंद करायला विसरले. तेही टेपवर आलं.

टेप घेऊन मी मुंबईला गेले. साहेबांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "गाणं सुंदर आहे. पण ही भाषा मुलांना कशी ऐकवायची? या बाईंना शुद्ध बोलायला शिकवा. आठ दिवस देतो."

मी तुला येऊन सांगितलं की चॅनेलनं तुला नाकारलं. तसं झालंच नव्हतं. साहेबांनी तुला आठ दिवस दिले होते. मीच तिथल्या तिथं म्हणाले, "नाही सर, तिला जमणार नाही. पदरात मूल आहे, गडहिंग्लजहून येणं व्हायचं नाही. मी गाते." साहेब म्हणाले, ठीक. दोन मिनिटं लागली असतील सगळ्याला.

का म्हणाले? बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की काम हातचं जाईल अशी भीती वाटली. तेही खरं आहे, पण थोडंच. तुझा आवाज एकदा लोकांच्या कानात बसला की माझ्या चालीकडं कुणी ढुंकून बघणार नाही, हे मला त्या माजघरातच कळलं होतं. गोधडीआड उभी राहून मी तुझं गाणं ऐकत होते आणि मला आनंद होत नव्हता. एवढंच लिहायला मला बावीस वर्षं लागली.

शब्द शुद्ध केले आणि गाणं लंगडं झालं. "न्हाय" एका ठोक्यात बसतो, "नाही"ला दोन लागतात. ती जादा मात्रा झाकायला मी तिथं तबल्याची एक थाप घातली. लोकांना तीच थाप आवडली, पोरं तिच्यावर टाळ्या वाजवायची. मला मात्र दर वेळी तिथं ठेच लागायची.

आवाज मी तुझ्यासारखा काढला. हसणं जमेना. दोन दिवस हसले. रेकॉर्डिंगवाला वैतागून म्हणाला, "मॅडम, म्हशीला सर्दी झालीय." शेवटी तुझ्या त्या टेपमधले चार सेकंद कापून घेतले. त्याच चार सेकंदांतून मंजुळेचं बारीक हसणं केलं, मोठं केलं, लाजून हसणं केलं, पाण्यात बुडबुडे काढत हसणं केलं. अकरा वर्षं पुरवले. आणि तुझं नाव कुठंच घातलं नाही, कारण घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, ही कोण?

मंजुळेचं काम तू करावंस म्हणून हे लिहीत नाही. त्याचं "नाही" तू लिहिलंस, ते मिळालं. तू विचारलंस म्हणून लिहिलं. आधीच्या पत्रातलं "माझा इलाज चालला नाही" हे वाक्य खोडून टाक. पेनानं खोड, नीट.

पूर्णी


गडहिंग्लज,
२४ जानेवारी

पूर्णे,

पत्र आलं तवा मी गादीला टाके घालत हुते. वाचलं आणि दाभण तसाच गादीत राहिला. संध्याकाळी बादशहांनी हुडकून काढला, न्हायतर गिऱ्हाइकाचं काय खरं न्हवतं.

हसणं माझं हाय हे मला पहिल्याच दिवशी कळलेलं. मी सैपाकघरात कुकर लावत हुते. भाईर टीव्हीवर म्हैस हसली. सासूबाई आत आल्या, मला बघितलं, परत भाईर गेल्या, परत आत आल्या. म्हणाल्या, "तू हितं हायस, तर भाईर कोन हसलं?" घाबरल्या बिचाऱ्या. मला हसू येईना झालं तिथनं पुढं. म्हंजे यायचं, पण मी तोंडाला पदर लावायची. मी हसले की पोरं म्हणायची, "मम्मी म्हशीगत हसती." आता म्हैस माझ्यागत हसती का मी म्हशीगत, हे लेकरांना कसं समजवायचं?

बादशहा म्हणाले, जाऊन भांड. मी म्हटलं नगं. तिला ठाऊक हाय, ती येईल. तू आली न्हाईस.

साद दुसरीत असताना वर्गात म्हणाला, "मंजुळा म्हशीचं हसणं माझ्या मम्मीचं हाय." पोरं हसली. बाईंनी त्याला खोटारडा म्हनून दिवसभर वर्गाच्या भाईर उभा केला. घरी येऊन मला म्हणाला, "मम्मी, तू हसून दाखव बाईंना." मी गेले न्हाय. काय म्हनून जाणार? बाई, ऐका, मी म्हैस हाय? तवापासनं त्यानं ती म्हैस कवा बघितली न्हाय. चालू झाली की उठून जायचा.

हसण्याचं मला ठाऊक हुतं. आठ दिवसांचं न्हवतं. त्ये वाचून मी शिलाई मशीन बंद केली आणि वाटेवरच्या एसट्या बघत बसले.

मी आठ दिवसात शुद्ध शिकले असते व्हय? न्हाय. शिकायचीच न्हाय. त्या सायबाला मी त्याच्या तोंडावर न्हाय म्हटलं असतं. पण त्ये 'न्हाय' माझं हुतं की गं! माझं न्हाय तू कशाला म्हटलंस?

साद आता कोल्हापुरात हाय, शिरोलीच्या कारखान्यात. नंबर खाली लिवलाय. आधी त्याला जाऊन सांग. तुझ्या तोंडानं, समोर बसून. मग बघू. मग म्हंजे मग.

एरंडेलानं आईला उतार पडला का?

जरीना


कोल्हापूर,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय जरे,

आईला उतार आहे. काल जिना चढून स्टुडिओत आली आणि माझा पसारा बघून उतरून गेली.

सादला भेटले. रविवारी, शिरोलीच्या नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी. मी त्याला कडेवर घेतलेला, आणि समोर हा सहा फुटी मिशीवाला उभा. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही टीव्हीवाल्या न्हवं? मम्मीनं सांगितलंय, बोलू नकोस, नुसतं ऐक."

मी सांगितलं. टेप, आठ दिवस, चार सेकंद, सगळं. तो कपातल्या चहाकडं बघत होता. गाडेवाल्यानं दोनदा विचारलं, अजून देऊ का.

मग तो म्हणाला, "मला माहीतच हुतं. पण नंतर नंतर वाटायला लागलं, आपणच खोटं बोललो असेल. लहान हुतो, काय सांगता येतंय? खरं सांगू, मावशी? मम्मी हसली की मला राग यायचा. तिनं काय केलंतं? पण यायचा."

माझ्या तोंडून "माफ कर" निघालं. तो म्हणाला, "त्ये मम्मीचं मम्मीला मागा. मला लिवून द्या."

स्टुडिओचं नाव छापलेला कागद पिशवीत होता. त्या गाड्याच्या फळीवर ठेवून लिहिलं: "मंजुळा म्हैस या मालिकेतलं मंजुळेचं हसणं सौ. जरीना बादशहा नदाफ, गडहिंग्लज, यांचं आहे. साद नदाफ दुसरीच्या वर्गात खरं बोलला होता. खोटं मी बोलले." सही केली, तारीख घातली. त्यानं दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "शिक्का न्हाय का?" शिक्का नव्हता गं. मग गाडेवाला मध्ये पडला, "सही हाय की! शिक्का कशाला, तहसीलदार हाईत व्हय ह्या?" तेव्हा कुठं साद हसला. जरे, तो अगदी तुझ्यासारखा हसतो.

त्यानं तिथंच कागदाचा फोटो काढून शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात बाईसुद्धा आहेत, आता निवृत्त झाल्यात. त्यानंतरचं तुला त्यानं सांगितलंच असेल, पण मी पुन्हा सांगते, कारण मला सांगायचंय. पहिला निरोप एकाचा आला, "सादया, आम्ही हसलो तवा. चुकलं." मग एकामागं एक सुरू झाले. एकजण म्हणाला, माझ्या पोरीला तुझ्या मम्मीला भेटायचंय. सगळ्यात शेवटी बाईंचे जोडलेले हात आले. साद मान खाजवत म्हणाला, "मावशी, ही माफी हाय का नमस्कार?" संध्याकाळी बाईंनी स्वतःच त्याला फोन केला म्हणे. तेव्हा माफी होती.

आता कामाचं. निशिगंधाशी परवा सोमवारी बोलणं झालं. संगणकावर तिकडं चार माणसं, इकडं मी एकटी. आधी अस्सल पाहिजे म्हणणारी तीच, आता म्हणाली, "मॅडम, वरून सूचना आलीय. कोल्हापुरी ठेवू, पण थोडं सौम्य करू. नदाफ बाई थोडं जुळवून घेतील ना?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. या वेळी ते तुझ्या बाजूचं होतं, "अजिबात नाही" असं. तेही गिळलं. म्हटलं, "जरीनाचं हो आणि नाही मी सांगत नसते. फोन नंबर देते, तुम्ही विचारा. आणि त्यांच्याशिवाय करायचं असेल तर चाल मी देणार नाही, हे 'नाही' मात्र माझं आहे, ते मी सांगते." तिकडं चौघं एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, मालिका गेली. गेली तर गेली म्हणून खाली जाऊन डॉक्टरांच्या कंपाउंडरबरोबर चहा प्यायले.

काल निशिगंधाचा फोन आला. म्हणाली, "नदाफ बाईंनी मला वीस मिनिटं झापलं. मग विचारलं, जेवलीस का. मग पुन्हा झापलं." त्यातून जे ठरलं ते तुला ठाऊक आहे, तरी कागदावर असू दे. मंजुळा तुझ्या भाषेत बोलणार, एक अक्षर बदलायचं नाही. चॅनेलनं धास्ती घेऊन बावन्न भागांऐवजी तेराच भाग कबूल केलेत आणि म्हशीच्या बोलण्याखाली पडद्यावर शुद्ध मराठीत अक्षरं येणार आहेत. म्हशीला दुभाषी! मी इतकी हसले की खालून डॉक्टरांनी माणूस वर पाठवला. नावांच्या पाटीवर पहिलं नाव तुझं, शब्द आणि आवाज दोन्हीला. माझं खाली, फक्त संगीताला. ती जादा थाप काढून टाकली. गाणं एकदा नुसत्या पेटीवर वाजवून बघितलं. सरळ चालतंय, जरे.

आणि रेकॉर्डिंग तुझ्या गोदामात. तू निशिगंधाला म्हणालीस म्हणे, "मी कुठं येणार न्हाय, तिलाच हितं यायला लाव." चारी बाजूंनी छतापर्यंत कापसाच्या गाद्या! एवढी शांत खोली मुंबईतसुद्धा मिळत नाही. येत्या सोमवारी, दहा तारखेला, सकाळच्या एसटीनं निघते. बरोबर स्वप्नाली आहे, ती बाहुल्या नाचवते, गुणी मुलगी. तिला फक्त एकच भीती, गाद्या बघून झोप येईल.

एक राहिलं. ती २००३ ची टेप माझ्याकडं होती. संगणकात आणि टेपांच्या डब्यांत त्या चार सेकंदांच्या जेवढ्या नकला होत्या, तेवढ्या मी शोधून पुसल्या. मूळ टेप रविवारी सादला दिली. ती तुमच्या घरची आहे, त्यानं ती छातीच्या खिशात ठेवली. तेव्हा आता माझ्याजवळ तुझ्या हसण्याचा एक सेकंदही नाही. सोमवारी तू हसलीस तर मंजुळा हसेल. नसेल हसावंसं वाटत, तर ती पाण्यात गप्प बसून राहील, तेराच्या तेरा भाग. मी कुणाला कारण सांगणार नाही.

माफी पत्रातून मागत नाही. सादनं बजावलंय. ती तुझ्या दारात उभी राहून मागेन. दार उघडायचं की कशिशकडून निरोप द्यायचा, ते तुझं तू ठरव.

तुझ्याकडं निघालेली,
पूर्णी